फॉरमॅट मारण्याआधी थांबा: लॅपटॉपची मूळ विंडोज आणि मूळ ड्रायव्हर परत कसे आणायचे

नाशिकमध्ये लॅपटॉप अडला की एम.जी. रोडपासून सिडकोपर्यंत उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ संध्याकाळी लॅपटॉप चालू होऊन मिळतोही. चार दिवसांनी मात्र एकेक लक्षात यायला लागतं. ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होत नाही, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ची पाटी झळकते. लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे भरलेले असतात, तरीही.

ड्रायव्हर म्हणजे टचपॅड, वायफाय असे लॅपटॉपचे भाग विंडोजकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्राम. विंडोज टाकणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. काम बिघडतं ते बहुतेकदा डिस्क पुसण्याआधी न केलेल्या गोष्टींमुळे, म्हणून खाली त्यावरच जास्त जागा खर्च केली आहे.

मूळ काय होतं, ते आधी ठरवा

विंडोज ७ च्या काळात २५ अक्षरी प्रॉडक्ट की लॅपटॉपच्या पोटाखाली स्टिकरवर असायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि कंपन्या ती की थेट मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या चिपवरच्या प्रोग्राममध्ये, लिहायला लागल्या. त्यामुळे नंतरच्या लॅपटॉपवर कीचा स्टिकर दिसत नाही, आणि ‘की हरवली’ म्हणून नवी विकत घ्यायचीही गरज नसते. योग्य आवृत्तीची विंडोज टाकली की इन्स्टॉलर की स्वतः वाचतो.

यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला, डॉस. आपल्याकडे विकले गेलेले बरेच लॅपटॉप ‘डॉस’ किंवा ‘लिनक्स’वाले, म्हणजे विंडोजशिवायचे, असतात. ते काही हजारांनी स्वस्त मिळतात आणि वर दुकानदार ‘विंडोज फ्री’ टाकून देतो. अशा मशीनच्या बायोसमध्ये विंडोजची की नसतेच, त्यामुळे परत आणण्यासारखी मूळ विंडोजही नसते. बिल काढून बघा. मॉडेलच्या ओळीत डॉस, फ्रीडॉस किंवा उबुंटू लिहिलेलं असेल तर विषय तिथेच मिटला. मग परवाना विकत घ्या किंवा सरळ लिनक्स चालवा.

दुसरा, सिंगल लँग्वेज. भारतात घरगुती लॅपटॉपवर सहसा ‘विंडोज होम सिंगल लँग्वेज’ येते. दुकानातून परत आलेल्या मशीनवर ‘प्रो’ दिसत असेल, तर ती तुमच्या परवान्याची नव्हे. होम सिंगल लँग्वेजच्या कीवर प्रो ॲक्टिव्हेट होत नाही, म्हणून मग क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा बेकायदा प्रोग्राम, मारला जातो.

तिसरा, बदललेला मदरबोर्ड. बोर्ड बाहेरून बदलला असेल तर जुन्या बोर्डाबरोबर कीसुद्धा गेली. कित्येकदा नव्या बोर्डात सिरीयल नंबरही भरलेला नसतो आणि त्यामुळे कंपनीचं रिकव्हरी टूल मशीन ओळखायलाच नकार देतं.

लॅपटॉप अजून चालू होत असेल तर परवान्याचा प्रकार मिनिटभरात कळतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर’, मग स्पेस, मग स्लॅश लगोलग ‘डीएलव्ही’ टाइप करून एंटर करा. उघडलेल्या खिडकीत चॅनेल बघायचं. ‘ओईएम_डीएम’ असेल तर बायोसमधली अस्सल की चालू आहे. घरच्या लॅपटॉपवर ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ दिसलं, तर क्रॅक आहे असं खुशाल समजा. केएमएस ॲक्टिव्हेशनची (ही मोठ्या संस्थांसाठीची पद्धत) मुदत १८० दिवसांची असते. ती सारखी वाढवत राहण्यासाठी क्रॅकचा एक प्रोग्राम मागे चालू असतो आणि अँटीव्हायरस त्याच्यावरच भुंकत असतो. बायोसमध्ये की आहे की नाही हे वेगळं बघायचं असेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं ‘शो-की-प्लस’ ती वाचून दाखवतं.

मूळ विंडोजच परत टाकावी का, हाही प्रश्न आहे. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला आणि १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. बँक, जीएसटी, ऑनलाइन परीक्षा यासाठी लॅपटॉप लागत असेल तर ७ किंवा ८ कडे जायचं नावही काढू नका. सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालत असेल, तर टाका; पण तो लॅपटॉप नेटला जोडू नका. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचाच प्रोग्राम चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण इंटेल आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टीपीएम नाही असा संदेश आला तर आधी बायोसमध्ये बघा. इंटेलमध्ये ते ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ नावाने असतं, आणि पुष्कळदा नुसतं बंद असतं.

पुसण्याआधीचं काम

सिरीयल नंबर लिहून घ्या. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षरांचा असतो. एचपीमध्ये सिरीयलसोबत प्रॉडक्ट नंबरही घ्या. भारतात विकलेल्या मशीनवर त्याच्या शेवटी हॅश आणि ‘एसीजे’ असतं. लेनोव्होमध्ये सिरीयल आणि मशीन टाइप, एसरमध्ये एसएनआयडी नावाचा नंबर. नुसतं ‘इन्स्पिरॉन १५’ किंवा ‘आयडियापॅड ३’ एवढ्यावर ड्रायव्हर शोधू नका. त्या एका नावाखाली डझनभर वेगवेगळे बोर्ड विकले गेले आहेत.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर तुम्ही न सांगताही ते चालू झालेलं असू शकतं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय बायोसला हात लावू नका. सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग बदलली की पुढच्याच वेळी निळ्या पडद्यावर ही की मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. डेटा रिकव्हरीवाल्यालाही नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात ऑनलाइन लॉगिन करून डिव्हाइसच्या यादीत की मिळते. पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवा, कारण एका खात्यावर तीन-चार जुन्या मशीनच्या की पडून असतात.

ड्रायव्हरचा बॅकअप. हे फार थोडे लोक करतात, आणि नंतरचा निम्मा त्रास इथेच वाचतो. सध्याच्या विंडोजवर ब्राइटनेस, वायफाय, आवाज सगळं नीट चालत असेल, तर पेनड्राइव्हवर ‘ड्रायव्हर्स’ नावाचा इंग्रजीत रिकामा फोल्डर करा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून इंग्रजी अक्षरांत टाइप करा: ‘डीआयएसएम’, स्पेस, ‘/ऑनलाइन’, स्पेस, ‘/एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’, स्पेस, ‘/डेस्टिनेशन:’ आणि त्याला चिकटून फोल्डरचा पत्ता. पाच-दहा मिनिटांत मशीनमधले विंडोजबाहेरचे सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येतात. ग्राफिक्सचे धरून आकार दोन-चार जीबीपर्यंत जाऊ शकतो.

आता डेटा. फोटो आणि डॉक्युमेंट सगळ्यांच्या लक्षात राहतात. राहून जातं ते हे:

टॅलीचा डेटा फोल्डर. टॅलीप्राइममध्ये तो बहुधा सी ड्राइव्हवर ‘युजर्स’, ‘पब्लिक’, ‘टॅलीप्राइम’, ‘डेटा’ या वाटेवर असतो. तो घ्याच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉरमॅटआधी टॅलीतूनच लायसन्स ‘सरेंडर’ करा, म्हणजे या मशीनवरून मोकळं करा. लासलगाव-पिंपळगावच्या आडत दुकानांत लिलावाच्या दिवसांत लायसन्स जुन्या विंडोजवर अडकून राहिलं, तर बिलं हातानं लिहायची वेळ येते.

मराठी फॉन्ट. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रकं, लग्नपत्रिका, फ्लेक्सचे मजकूर नव्या विंडोजवर उघडले की नुसती चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून बाहेरून टाकलेले फॉन्ट कॉपी करून ठेवा, आणि अशा सॉफ्टवेअरची परवान्याची की किंवा डोंगल हाताशी असल्याची खात्री करा. युनिकोड मजकुराला ही भीती नाही.

डिजिटल सिग्नेचर. प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, लॅपटॉप पुसल्याने त्याला काही होत नाही. नंतर टोकनचा ड्रायव्हर तेवढा टाकावा लागतो. मात्र टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशियलाइज’ दिसलं तर ते दाबू नका. त्याने प्रमाणपत्रच पुसलं जातं.

आउटलुकच्या पीएसटी फाइल्स (साठवलेले ईमेल), ब्राउझरमधले पासवर्ड आणि ऑफिस. लॅपटॉपसोबत आलेलं ‘होम अँड स्टुडंट’ पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केलं त्याच खात्याला कायमचं बांधलेलं असतं. ते खातं दुकानदाराने स्वतःचं घातलं असेल तर आत्ताच विचारून घ्या.

विंडोज सुरूच होत नसेल तर उबुंटूचा पेनड्राइव्ह करून ‘ट्राय उबुंटू’ने मशीन चालू करा आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर ओढून घ्या. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर इथेही ती ४८ अंकी की लागतेच.

परत आणण्याचे रस्ते

पहिला रस्ता, लॅपटॉपमध्येच असलेली फॅक्टरी इमेज, म्हणजे कंपनीने भरून दिलेल्या विंडोजची संपूर्ण प्रत. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. शेवटी १० ते २५ जीबीचं, ड्राइव्हचं अक्षर नसलेलं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा राखीव भाग) दिसलं तर इमेज शाबूत असण्याची शक्यता आहे. ५०० एमबी ते १ जीबीचं छोटं ‘रिकव्हरी’ पार्टिशन म्हणजे फक्त दुरुस्तीची साधनं. त्यात कंपनीची इमेज नसते. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवला असेल तर इमेज जुन्या हार्डडिस्कवरच राहिली.

बटणं कंपनीगणिक वेगळी. एचपी: चालू करताच एस्केप, मग एफ११ रिकव्हरी, एफ९ बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याची यादी), एफ१० बायोस. डेल: एफ१२, त्यातच ‘सपोर्टअसिस्ट ओएस रिकव्हरी’. लेनोव्हो आयडियापॅड: कडेला बारीक छिद्रात नोव्हो बटण असतं, मशीन बंद असताना पिनने दाबायचं. थिंकपॅड: एफ१२ बूट मेनू, एफ१ बायोस. एसर: ऑल्ट आणि एफ१०, बूट मेनूचं एफ१२ मात्र आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आसूस: जुन्यांवर एफ९, बूट मेनूसाठी एस्केप. बटण दाबूनही विंडोजच उघडत असेल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केलेलं मशीन पूर्ण बंद झालेलं नसतं.

दुसरा रस्ता, कंपनीचा रिकव्हरी पेनड्राइव्ह. ‘मूळ’ या शब्दाला खरा न्याय देणारा हाच. एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, डेलचं ओएस रिकव्हरी टूल आणि लेनोव्होची डिजिटल डाउनलोड रिकव्हरी सेवा तुमच्या नंबरवरून त्याच मॉडेलची इमेज देतात, ड्रायव्हरसकट. सगळ्याच मॉडेलना ही सोय नाही, पण नंबर टाकून बघायला काही लागत नाही. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या, नामांकित कंपनीचा. डाउनलोड १० जीबीच्या पुढे जाऊ शकतं, म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा पुरणार नाही. फायबर असलेल्या घरी बसा. ही इमेज सहसा पूर्ण डिस्क पुसते, डी ड्राइव्हसुद्धा. सोबत मॅकॅफीची ट्रायल वगैरे पाहुणे येतात, ते नंतर काढता येतात.

तिसरा, ‘रिसेट धिस पीसी’. विंडोज चालू होत असेल तर सेटिंग्जमधून. नसेल तर, लॉगिनच्या पडद्यापर्यंत येत असल्यास तिथून शिफ्ट दाबून रीस्टार्ट, किंवा दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडल्यावर आपोआप येणाऱ्या दुरुस्तीच्या पडद्यातून. त्यात ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. ४ जीबीहून जास्त डेटा लागतो, पण बिघडलेल्या फाइलींवरूनच पुन्हा उभारणी होत नाही. ड्रायव्हर सहसा टिकतात. पण क्रॅक मारलेल्या प्रोवर रिसेट केलं तर पुन्हा प्रोच मिळते, होम सिंगल लँग्वेज नाही. तिथे पुढचा रस्ता.

चौथा, मायक्रोसॉफ्टची कोरी विंडोज. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. याच एका पेनड्राइव्हमध्ये होम, होम सिंगल लँग्वेज आणि प्रो तिन्ही असतात आणि बायोसमध्ये की असेल तर इन्स्टॉलर न विचारता योग्य आवृत्ती उचलतो. इन्स्टॉलरने की मागितली किंवा आवृत्त्यांची यादी समोर ठेवली तर बायोसमध्ये की सापडली नाही असं समजा. इथपर्यंत डिस्कवर काहीही पुसलेलं नसतं, तेव्हा खिडकी बंद करून मागे फिरता येतं. ‘लाइट’, ‘गेमिंग एडिशन’ असल्या नावांनी पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या विंडोज घेऊ नका. त्यातून काय काढलंय आणि काय घातलंय, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

काम सुरू करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. महावितरणचा वीज बंदचा मेसेज आला असेल त्या दिवशी, किंवा बॅटरी पार गेलेल्या लॅपटॉपवर, रिकव्हरीला बसू नका. बायोस अपडेटला तर नाहीच. त्यात अर्ध्यात वीज गेली तर बोर्डच उघडून चिप लिहावी लागू शकते.

मध्येच अडतं ते

डिस्कच दिसत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर हे सर्रास होतं आणि ‘एसएसडी गेला’ असं सांगून लोकांना नवा एसएसडी विकला जातो. खरं कारण असं, की बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क जोडण्याची इंटेलची पद्धत) चालू असतं आणि पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घ्या, फाइली सुट्या करून पेनड्राइव्हवर ठेवा, इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून व्हीएमडीचा फोल्डर दाखवा. डिस्क लगेच दिसते. दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. तो फक्त सगळं पुसून नव्याने टाकत असाल तरच. चालू विंडोजवर ते बंद केलं तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा येतो. आलाच तर घाबरू नका, व्हीएमडी परत चालू केलं की विंडोज उठते.

पार्टिशन ओळखणं. इथे आकार वेगळे दिसतात: २५६ जीबीचा एसएसडी २३८, ५१२ चा ४७६ आणि १ टीबीची हार्डडिस्क ९३१. दोन डिस्क असतील तर विंडोज जिथे टाकायची तो एसएसडी कोणता हे आकड्यावरून पक्कं करा. डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल आणि ठेवायचा असेल तर तेवढं सोडून बाकीची पार्टिशन काढा. मोठं फॅक्टरी पार्टिशन दिसत असेल तर त्याचा पेनड्राइव्ह केलेला नसेपर्यंत त्याला हात लावू नका.

‘एमबीआर पार्टिशन टेबल’चा संदेश. मशीन यूईएफआयने (बायोसच्या नव्या पद्धतीने) चालू झालंय आणि डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली आहे. डेटा बाहेर काढलेला असेल तर त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन काढून ‘अनॲलोकेटेड’ जागेवर ‘नेक्स्ट’ दाबा. नवी आखणी इन्स्टॉलर करतो. बायोसमध्ये लेगसी मोड (जुनी पद्धत) चालू करून वेळ मारून नेणारे भेटतात, पण मग सिक्युअर बूट गेलं आणि विंडोज ११ चा रस्ताही बंद झाला.

टचपॅड आणि वायफाय दोन्ही बंद. टचपॅडसाठी साधा यूएसबी माउस लावा. विंडोज ११ पहिल्या सेटअपमध्ये नेट मागते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आयफोनला लागतो, म्हणून या कामासाठी घरातला दुसरा कुठला अँड्रॉइड शोधा.

कुठल्याशा कंपनीचं लॉगिन. जुने कॉर्पोरेट लॅपटॉप, लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक, विद्यार्थी सेकंडहँड घेतात. विंडोज नव्याने टाकून नेट जोडलं की काहींवर आधीच्या मालक कंपनीचं नाव आणि तिचाच ईमेल मागणारा पडदा येतो. मशीन त्या कंपनीच्या ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांच्या लॅपटॉपची मायक्रोसॉफ्टकडची ऑनलाइन नोंद) नोंदलेलं असतं आणि ती नोंद फक्त तीच कंपनी काढू शकते. कितीही फॉरमॅट मारा, पडदा परत येणार. असा लॅपटॉप विकत घेण्याआधी दुकानातच रिसेट करून, नेट जोडून पहिल्या पडद्यापर्यंत नेऊन बघा, आणि बायोसला पासवर्ड नाही ना हेही.

ड्रायव्हर

तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. जुन्या लॅपटॉपचा बटण-सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग साइट उघडत नाहीत, अपडेटही अडतं. ती ठीक असेल तर पहिलं काम विंडोज अपडेट. दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’खाली ड्रायव्हर दिसतील तेही घ्या. नव्या मशीनवर यातच बहुतेक काम उरकतं.

त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. पिवळं चिन्ह असलेल्या ओळीवर उजवं क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, बॅकअपचा फोल्डर आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक. बॅकअप केलेला असेल तर इथेच सुटका. नसेल तर कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून या क्रमाने घ्या: चिपसेट, इंटेलमध्ये मॅनेजमेंट इंजिन आणि सिरीयल आयओ, मग स्टोरेज, ग्राफिक्स, ऑडिओ, वायफाय-ब्लूटूथ, टचपॅड, कार्ड रीडर आणि शेवटी फंक्शन बटणांचं सॉफ्टवेअर. क्रमाला कारण आहे. आजचे टचपॅड आयटूसी वाटेने जोडलेले असतात. ती वाट सिरीयल आयओ ड्रायव्हर उघडतो, तो नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर टाकूनही टचपॅड दिसतच नाही. दोन ग्राफिक्स असतील तर आधी प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडीचा, मग एनव्हिडियाचा.

डिव्हाइस मॅनेजरमधली कोड्यात बोलणारी नावं एकदा कळली की सोपं जातं. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ म्हणजे इंटेल मॅनेजमेंट इंजिन. ‘एसएम बस कंट्रोलर’ म्हणजे चिपसेट. ‘पीसीआय डेटा अक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर’ म्हणजे तापमान सांभाळणारा इंटेलचा डीपीटीएफ. तो नसेल तर पंखा उगाच घोंघावतो किंवा मशीन ओढल्यासारखं चालतं. ‘बेस सिस्टम डिव्हाइस’ बहुधा कार्ड रीडर. आणि डिस्प्लेखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर ब्राइटनेस का हलत नाही याचं उत्तर तेच.

नावच नसेल तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, ‘हार्डवेअर आयडीज’. त्यात ‘व्हीईएन’ पुढचा आकडा कंपनी सांगतो: ८०८६ इंटेल, १०२२ आणि १००२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १४ई४ ब्रॉडकॉम. वायफायला याचा फार उपयोग होतो. एकाच मॉडेलमध्ये कंपनी इंटेल, रिअलटेक किंवा मीडियाटेक, जे मिळेल ते कार्ड घालते आणि साइटवर तिन्हींचे ड्रायव्हर शेजारी शेजारी ठेवते. आकडा बघून एकच उतरवा.

आवाज पातळ येत असेल तर रिअलटेकचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसलाय. लहान स्पीकरचा आवाज डॉल्बी, मॅक्सऑडिओ असल्या सॉफ्टवेअरने भरलेला असतो आणि ते फक्त लॅपटॉप कंपनीच्या ऑडिओ पॅकेजमधून येतं. तेच टाका, रिअलटेकच्या साइटवरचं नको.

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणाऱ्या प्रोग्रामपासून लांब राहा. ते आयडी जुळवून कुठल्याही मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत दोन-तीन नको ते प्रोग्राम सोडतात. त्यापेक्षा कंपनीचं स्वतःचं साधन बरं: डेल सपोर्टअसिस्ट, एचपी सपोर्ट असिस्टंट, लेनोव्हो व्हॅन्टेज, मायआसूस. अपडेटनंतर एखादी गोष्ट बिघडली तर त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं.

शेवटची तपासणी

‘सिस्टम’मधल्या ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये ‘ॲक्टिव्ह’ हवं, आणि ‘एसएलएमजीआर’मध्ये ‘ओईएम_डीएम’. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर एन्क्रिप्शन पुन्हा चालू झालं असण्याची शक्यता आहे. नवी ४८ अंकी की कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा, जुनी आता चालणार नाही. मराठी टायपिंगसाठी भाषांमध्ये मराठी घालून ‘मराठी फोनेटिक’ किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. सिंगल लँग्वेजवरही कीबोर्ड हवे तितके घालता येतात, फक्त पडद्यावरची भाषा एकच राहते.

सगळं चालतंय अशी खात्री झाली की स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधा, ‘बॅक अप सिस्टम फाइल्स’वर टिक करून ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तो बनवा. तासभर किंवा जास्तही लागतो आणि मध्ये बराच वेळ काहीच हलताना दिसत नाही; बंद करू नका. पेनड्राइव्हवर मॉडेल आणि तारीख लिहा. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की तो पुन्हा बनवावा लागतो, आणि घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला तो लावू नका, त्यातले ड्रायव्हर याच मशीनचे आहेत.